विषय: थारमध्ये 'फोर ऑटो' नाही, मग नाशिकच्या पावसात ४एच लावून ठेवू का?

प्रेषक: क., मिशिगन

नमस्कार मंडळी,
जुलैत तीन आठवडे नाशिकला तीन दारी थार चालवायची आहे. इकडच्या पिकअपमध्ये थंडी सुरू झाली की 'फोर ऑटो' (गरज पडली की आपोआप चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावायचा आणि एप्रिलपर्यंत विसरायचं. थारच्या दांड्यावर मात्र २एच (फक्त मागची चाकं), ४एच (चारही चाकं), एन (न्यूट्रल), ४एल (चारही चाकं, कमी वेग नि जास्त जोर) एवढंच. पावसात ४एच लावून ठेवली तर चालेल ना?

---

प्रेषक: व., नाशिक

नाही चालणार. आधी तो दांडा आहे का तेवढं बघून घ्या, कारण थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते.

तुमच्या ऑटोमध्ये ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) आत क्लच असतो. मागची चाकं फुकट फिरू लागली की कॉम्प्युटर तो आवळतो, पकड आली की सैल सोडतो. थारच्या ४एचमध्ये असं मधलं काही नाही, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना थेट जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात आणि तो फरक कुठेतरी जिरावा लागतो. चिखलात टायर जरासा घसरतो नि जिरून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग पीळ शाफ्टात आणि गिअरमध्ये साठतो. कॉलेज रोडवर पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी हिसके देत, टायर चिरकवत सरकते, ते यामुळेच. नंतर दांडा २एचला यायला तयार होत नाही. त्याच्याशी कुस्ती खेळू नका. चाकं सरळ करून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि दांडा अलगद येतो.

कसारा घाटात निव्वळ पाऊस आहे म्हणून ४एच नको. ओल्या डांबराची पकड २एचला पुरते. उतरताना खालचा गिअर ठेवा. ब्रेक एरवीही चारही चाकांना लागतात, फोर-व्हीलने गाडी लवकर थांबत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

खरी गंमत दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांतून काळी माती डांबरावर पडते, वर भुरभूर पाऊस आला की रस्त्यावर साबण फासल्यासारखं होतं. वीस मीटर साबण, मग दोनशे मीटर स्वच्छ डांबर. ऑटो अशाच रस्त्यासाठी असतो. थारमध्ये इथे २एचच ठेवा, वेग कमी करा आणि त्या मातीवर ना ब्रेक दाबा, ना ॲक्सिलरेटर. डांबर सोडून मळ्याच्या कच्च्या रस्त्याला लागताना, चाकं सरळ असताना, ४एच टाका. रुतल्यावर नव्हे, आधी. परत डांबरावर आलात की लगेच २एच.

४एल गाडी पूर्ण थांबवून, गिअर न्यूट्रलला घेऊन. आणि एनवर गाडी उभी करू नका. पहिला गिअर टाकलेला असला तरी चाकं मोकळीच असतात, उतारावर हँडब्रेकच्या भरवशावर राहाल.

---

प्रेषक: म., लंडन

काका, सासरी ऑलग्रिप, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, ग्रँड विटारा आहे. तिच्यात ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक आहेत. तिलाही हेच लागू का?

---

प्रेषक: व., नाशिक

नाही ताई, तिची बात वेगळी. ती एरवी पुढच्या चाकांवर चालते आणि लागेल तशी ताकद मागे पाठवते. ऑटो बारा महिने राहू द्या, कोरड्या रस्त्यावरही काही बिघडत नाही. लॉक फक्त चिखलात, हळू चालवताना. स्नो नावावर जाऊ नका, निसरड्या ओल्या रस्त्यावरही तो कामाला येतो, ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद मवाळ करतो.

रुतलेल्या गाडीची चाकं फार वेळ गरगर फिरवलीत तर आतला क्लच तापतो आणि मागची ताकद बंद होते. मग इंजिन चालू ठेवून थोडा वेळ उभं राहायचं, तोवर टायरखाली खडी नाहीतर गोणपाट सरकवायचं.

टायर चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. एकच नवा टाकला तर त्याचा घेर मोठा होतो, क्लच सरळ रस्त्यावरही घासत राहतो. बिघाड झालाच तर फ्लॅटबेडवर चारही चाकं वर घेऊनच न्या. घाटातला टोइंगवाला दोन चाकं उचलून ओढायला बघेल, त्याला तिथेच थांबवा.