पेज-भाताच्या घरात नवीन डायबेटिस: वाटीचं माप आणि मीटरचे आकडे

माडाचीवाडी यांचा प्रश्न

आईला (वय 58) डायबेटिस निघाला आहे. उपाशीपोटी 168, जेवणानंतर 262, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 8.4. किडनीचा रिपोर्ट नॉर्मल. गोळ्या: मेटफॉर्मिन 500 सकाळ-रात्र जेवणानंतर आणि ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम सकाळी एक. आहाराबद्दल कागदावर फक्त "भात, साखर, बटाटा बंद" एवढंच लिहिलंय.

घर कुडाळजवळ. सकाळी साडेसातला चहा, दहा-साडेदहाला उकड्या तांदळाची पेज, दुपारी आणि रात्री भात. मध्येच कधी घावणे, आंबोळ्या. चपाती आईच्या घशाखाली उतरत नाही. विचारायचं ते असं:

भात खरंच पूर्ण सोडावा लागतो का? सगळे म्हणतात नाचणीवर या, नाचणी कितीही चालते. खरं आहे का?

ग्लुकोमीटर घेतलाय. एकाच बोटावर पाच मिनिटांच्या अंतराने 187 आणि 171 आले. मशीन खराब म्हणायचं का? आणि रोज कधी तपासायचं? पट्ट्या स्वस्त नाहीत.

आंबा, फणस, शहाळं यांचं काय?

---

थाळीतलं_गणित (आहारतज्ज्ञ, रत्नागिरी)

भात बंद करायची गरज नाही, मोजायची आहे. "बंद" लिहिलं की घरोघरी एकच होतं: आठ-दहा दिवस कडक पाळतात, मग माणूस कंटाळतो आणि पुन्हा ताटभर भातावर येतो. शिवाय तुमच्या आईच्या बाबतीत एकदम भात तोडणं धोक्याचं आहे, कारण ग्लिमेपिराइड चालू आहे. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, आणि अन्न कमी पडलं तर साखर फार खाली जाऊ शकते. भात निम्म्यावर आणणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, डोस त्याप्रमाणे बघावा लागेल.

आता माप. घरातली एक वाटी ठरवून टाका, 150 मिलीची, आणि तीच रोज वापरा. न दाबता भरली तर त्यात साधारण 100 ते 120 ग्रॅम शिजलेला भात बसतो, म्हणजे 28 ते 33 ग्रॅम कर्बोदकं. आपल्याकडे "थोडासाच भात" म्हणून वाढतात तो अशा तीन वाट्या सहज भरतो, म्हणजे एका बैठकीला 90 ग्रॅम. सुरुवातीला दुपारी दीड वाटी आणि रात्री एक वाटी यावर आणा. किचनमधला छोटा वजनकाटा असेल तर पहिल्या आठवड्यात भात तोलूनच वाढा, पुढे नजर बसते. भात ताटात एकदाच घ्यायचा. आमटीसाठी थोडा, मग सोलकढीसाठी थोडा, अशा दोन "थोड्यां"मध्ये एक वाटी वाढलेली असते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही.

उकडा तांदूळ सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा थोडा सावकाश पचतो, हे बरोबर. पण पेज करताना तो इतका मऊ शिजतो की तो फायदा बराचसा जातो. पेजेसाठी तांदूळ कच्चाच मोजा: एका माणसाला 30 ग्रॅम, त्यात सुमारे 23 ग्रॅम कर्बोदकं. सोबत नुसतं लोणचं नको. भाजलेला बांगडा, उकडलेलं अंडं किंवा काळ्या वाटाण्याची उसळ घ्या आणि आधी तेच खायला सुरुवात करा. प्रथिनं आणि भाजी आधी पोटात गेली की मागून येणाऱ्या भाताची साखर सावकाश चढते. मात्र उसळीतही कर्बोदकं असतात, म्हणून उसळ वाटीभरच. खारवलेला सुका मासा घेणार असाल तर तासभर भिजवून पाणी टाकून द्या, मिठाचं प्रमाण फार असतं. बीपी असेल तर तो क्वचितच.

नाचणीचं: नाचणी चांगली, पण "कितीही" नाही. 40 ग्रॅम तांदळाच्या पिठाच्या भाकरीत साधारण 31 ग्रॅम कर्बोदकं, तेवढ्याच नाचणीच्या पिठाच्या भाकरीत 27 च्या आसपास. फरक आहे तो मुख्यतः तंतूंचा, आणि तो भाकरी खाल्ली तरच मिळतो. नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवून, वाटून, गाळून वरचा कोंडा टाकतात. खाली बसतो तो नुसता स्टार्च. त्याची गूळ घातलेली खीर आजारी माणसाला ताकदीची म्हणून देतात, आणि डायबेटिसच्या माणसाची साखर तासाभरात उसळते. नाचणीची आंबीलही भाकरीपेक्षा लवकर चढते, पीठ पाण्यात पूर्ण शिजलेलं असतं म्हणून. एका नाचणीचे तीन पदार्थ आणि तिघांचे आकडे वेगळे, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

घावणे म्हणजे बारीक दळलेला तांदूळच. मध्यम आकाराचे दोन, सोबत भरपूर भाजी, आणि त्या वेळी दुसरा तांदूळ नाही. आंबोळीत उडीद असतो, त्यामुळे किंचित बरी. कुळथाची पिठी मात्र निर्धास्त करा: वाटीभर पिठीला दोन चमचे पीठ लागतं. फक्त तिच्या निमित्ताने भात वाढू देऊ नका.

खोबऱ्याला लोक घाबरतात. ओल्या नारळात साखर कमी, स्निग्ध पदार्थ जास्त. साखर चढत नाही, वजन चढू शकतं. आमटीला वाटण थोडं कमी करा, बंद नको. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू मिळतं, ते अर्धं ताट भरून खा. फणसाच्या आठळ्या भाजी म्हणून धरू नका, त्या पिष्टमय असतात, बटाट्याच्या रांगेतल्या.

आंबा: 100 ग्रॅम हापूसच्या गरात सुमारे 15 ग्रॅम कर्बोदकं. अर्धा आंबा, जेवणाबरोबर नाही तर दुपारी चारला, फोडी करून. आमरस नको, कारण रसात नकळत जास्त आंबे जातात आणि चावणं नसल्याने पोट भरल्याचं कळत नाही. पिका फणस चार गरे, पण आंबा खाल्ला त्या दिवशी नाही. शहाळ्याच्या पाण्यातही साखर असते, एका शहाळ्यात साधारण दोन चमचे साखरेइतकी, तहान लागली म्हणून रोज पिण्यासारखं ते नाही. आणि बाटलीतलं कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाकच. आमसुलं भिजवून जिरं घालून पाणी करा. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरलं तर वरून मीठ नको.

---

राखाडी_बूच (लॅब टेक्निशियन)

मशीन खराब नाही. घरगुती मीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ 15197, 2013 चं) असं: लॅबमधला आकडा 100 किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा मीटरचे किमान 95 टक्के आकडे त्याच्या 15 टक्के इकडे-तिकडेच असावे लागतात, 100 च्या खाली असेल तर 15 अंक इकडे-तिकडे. खरी साखर 180 असेल तर मीटरने 155 दाखवलं काय आणि 205 दाखवलं काय, दोन्ही मानकात बसतं. तुमचे 187 आणि 171 म्हणजे एकच आकडा समजा. आकडा पटला नाही म्हणून पट्टी वाया घालवू नका.

खरे चुकीचे आकडे येतात ते हातामुळे आणि पट्ट्यांमुळे.

हात साबणाने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. आंबा किंवा फणस सोलल्यावर बोटावर राहिलेली साखर त्या इवल्याशा थेंबात मिसळते आणि आकडा पन्नास-शंभरने किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. स्पिरिटच्या बोळ्याने ती पूर्ण निघत नाही, पाणीच लागतं. उलट बोट ओलं राहिलं तर थेंब पातळ होऊन आकडा खाली येतो. टोचायचं बोटाच्या कडेला, गादीवर नाही, तिथे दुखतंही जास्त. मधलं, अनामिका, करंगळी अशी बोटं आलटूनपालटून. हात खाली सोडून अर्धा मिनिट हलवा म्हणजे थेंब आपसूक येतो. बोट कचकचून पिळलं की रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी येतं. थेंब पट्टीच्या टोकाला लावायचा, ती स्वतः ओढून घेते, वरून थापायचा नाही. लॅन्सेट (बोट टोचायची सुई) दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही, घरातल्यांनाही नाही. वापरलेले लॅन्सेट जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत जमवा, कचऱ्यात सुटे टाकू नका.

आता कोकणातली खास अडचण, दमट हवा. पट्टीच्या टोकावरचं एन्झाइम ओल ओढून खराब होतं. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच, टक आवाज येईपर्यंत लावायचं, मग बोट टोचायचं. बहुतेक जण डबी उघडी ठेवून सगळी तयारी करतात. पट्ट्या दुसऱ्या डबीत काढायच्या नाहीत, कारण मूळ डबीच्या आतच ओल शोषणारा पदार्थ बसवलेला असतो. फ्रीजमध्ये ठेवायची नाही, बाहेर काढली की आत दव धरतं. चुलीजवळ, खिडकीत नाही. कपड्यांच्या कपाटातला मधला खण चांगला. डबी उघडली ती तारीख स्केचपेनने वर लिहा: किती महिन्यांत संपवायची ते डबीवर छापलेलं असतं, बऱ्याच कंपन्यांचं तीन किंवा सहा महिने. 50 ची डबी स्वस्त पडते म्हणून घेतात आणि आठवड्याला दोनच पट्ट्या वापरतात, मग पावसाळ्यात शेवटच्या पट्ट्या भलतंच दाखवतात. वापर कमी असेल तर 25 ची घ्या.

आईचं हिमोग्लोबिन किती आहे तेही बघा. रक्त फार कमी असेल तर बरेच मीटर आकडा थोडा जास्त दाखवतात. एचबीएवनसीवरही ॲनिमियाचा परिणाम होतो: लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढलेला दिसू शकतो.

लॅबच्या बाबतीत दोन गोष्टी. गावात नमुना घेऊन तालुक्याला पाठवत असतील तर साखरेसाठी राखाडी बुचाची फ्लोराइडची नळी वापरतात ना, हे विचारा. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि तासाला 5 ते 7 टक्के आकडा उतरतो. दुसरी: जेवणानंतरच्या तपासणीला रोजचं जेवण आणि रोजची गोळी दोन्ही घ्यायची. एसटी स्टँडवर दोन इडल्या खाऊन, गोळी घरी विसरून दिलेला नमुना तुमच्या रोजच्या ताटाबद्दल काहीच सांगत नाही.

---

खाडीपल्याड (फिजिशियन)

वरच्या दोघांनी नीट सांगितलंय. मला सगळ्यात आधी खटकलं ते वेळापत्रक. साडेसातला चहा आणि साडेदहाला पेज, मग ग्लिमेपिराइड कधी घेतात? ही गोळी दिवसाच्या पहिल्या मुख्य खाण्याच्या लगेच आधी किंवा त्याच्यासोबत घ्यायची असते. चहाबरोबर घेतली तर पेजेपर्यंत तीन तास ती रिकाम्या पोटी काम करते. नऊ-साडेनऊला हात थरथरणं, घाम, एकदम भूक, चिडचिड होत असेल तर त्याच क्षणी मीटर लावा. एकतर पेज आठला आणा, नाहीतर गोळी पेजेबरोबर घेऊ द्या. दोन्हींतलं काय, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

70 च्या खाली आकडा आला तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजूनही 70 खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आला की पेज किंवा भाकरी. इथे लाडू किंवा चॉकलेट चालत नाही, त्यातल्या तुपातेलामुळे साखर उशिरा चढते. शेतात किंवा बाजारात जाताना साखरेची पुडी प्लास्टिकमध्ये बांधून पदराला असू दे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून 108 ला फोन.

कधी तपासायचं: रोज सकाळी एक आकडा बघून फार काही कळत नाही. जोडीने तपासा. एक जेवण निवडा, त्याच्या लगेच आधी एक पट्टी आणि पहिल्या घासापासून (शेवटच्या नव्हे) दोन तासांनी दुसरी. वहीत असं दिसेल, उदाहरणादाखल:

दुपार, भात 3 वाट्या, आमटी. आधी 138, नंतर 231.
दुपार, भात दीड वाटी, बांगडा, टाकळ्याची भाजी. आधी 134, नंतर 182.
तेच जेवण, नंतर 15 मिनिटं अंगणात फेऱ्या. आधी 136, नंतर 165.

दोन आकड्यांमधली वाढ 50 च्या आसपास किंवा कमी राहिली तर ते ताट चाललं. आठवड्याला अशा दोन जोड्या, त्यात एकदा पेज, एकदा दुपार, पुढच्या आठवड्यात रात्र आणि घावणे. शिवाय दोनदा सकाळी उपाशीपोटी. आठवड्याला सहा पट्ट्या पुरतात. लक्ष्य साधारण उपाशीपोटी 80 ते 130 आणि दोन तासांनी 180 च्या आत. एचबीएवनसी 8.4 म्हणजे सरासरी 194 च्या जवळ, 7 म्हणजे 154. तो तीन महिन्यांनी करा, आधी करून उपयोग नाही.

मेटफॉर्मिनने पहिल्या दोन आठवड्यांत पोट बिघडू शकतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, जेवणाच्या मध्येच घेऊन बघा. पावसात चिखलात अनवाणी जाणं बंद. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पुसून बघायच्या.

---

माडाचीवाडी

खूप आभार. गोळी चहाबरोबरच घेत होती, उद्याच डॉक्टरांना फोन करतो. एक राहिलं: चतुर्थीला उकडीचे मोदक होणारच. आणि त्याआधीच्या उपासांचं काय?

---

थाळीतलं_गणित

एका मध्यम मोदकाच्या पारीला 15 ग्रॅम तांदळाची पिठी धरली तर 12 ग्रॅम कर्बोदकं, सारणात 10 ग्रॅम गूळ धरला तर आणखी साडेनऊ. म्हणजे एक मोदक पाऊण वाटी भाताच्या आसपास. त्या जेवणात दोन मोदक आणि भात अजिबात नाही, किंवा एक मोदक आणि अर्धी वाटी भात. वरण, उसळ, भाजी नेहमीसारखी. गुळाऐवजी खजूर घातला तरी हिशोब जवळपास तोच राहतो, "शुगर-फ्री मोदक" समजून चार खाऊ नका.

उपास: ग्लिमेपिराइड चालू असताना निर्जळी किंवा एकवेळचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, वरीचा भातही भातच. करायचाच असेल तर वरी एक वाटी, सोबत शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक, आणि त्या दिवशी दोन तासांनी एक पट्टी नक्की लावा.