क्लस्टर व्हर्च्युअल करताना शेअर्ड डिस्क सोबत न्यावी का?

जागतापहारा
दोन फिजिकल सर्व्हर, मागे फायबर चॅनेलची सॅन (दोघांना सामायिक डिस्क देणारं स्टोरेज), वर विंडोज २०१२ आर२ चा फेलओव्हर क्लस्टर (एक सर्व्हर म्हणजे नोड पडला की दुसरा काम उचलतो), त्यात एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. असे सेटअप अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहेत. २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला, म्हणजे हलवायचं तर आहेच. पण व्हीएमवेअरवर, म्हणजे एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जाताना क्लस्टर जसाच्या तसा नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. एकच व्हीएम करा. होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारा फिजिकल सर्व्हर, पडला तर व्हीएमवेअरचं एचए (हाय अव्हेलेबिलिटी) ती दुसऱ्या होस्टवर चालू करतं. शेअर्ड डिस्क ठेवली की आरडीएम (सॅनची डिस्क थेट व्हीएमला जोडणं) आणि बस शेअरिंग (तीच डिस्क दोन व्हीएमना देणं) आलं, मग व्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती जपणं) बंद, आणि त्यावर चालणारा बॅकअपही बंद.

सॅनवाला
असहमत. विंडोज चालू आहे पण एसक्यूएल अडकलंय, हे एचएला कळत नाही, क्लस्टरला कळतं. पॅचिंगचंही तेच: रोल, म्हणजे चालू असलेलं एसक्यूएलचं काम, दुसऱ्या नोडवर हलवा, पहिला निवांत रीस्टार्ट करा. एकट्या व्हीएमला ही सोय नाही. शिवाय आरडीएममध्ये तेच लन (सॅनवरची डिस्क) नव्या व्हीएमना मॅप होतं. कित्येक टीबींची कॉपी वाचते आणि गडबड झालीच तर लन परत जुन्या सर्व्हरला जोडता येतं.

निळीकेबल
व्हीएमवेअरच्या व्हीएसफिअर ७ पासून क्लस्टर्ड व्हीएमडीके (दोन व्हीएमना वापरता येणारी व्हर्च्युअल डिस्क फाइल) आहे, आरडीएम लागतंच असं नाही. स्नॅपशॉट मात्र तिथेही नाही. दोन्ही नोड एकाच होस्टवर येऊ नयेत म्हणून अँटी-अ‍ॅफिनिटी (व्हीएम वेगवेगळ्या होस्टवर ठेवणारा) नियम लावाच.

जागतापहारा
सॅनवाला, "लन परत जोडता येतं" हे धोकादायक आहे. सोबत एसक्यूएलची नवी आवृत्ती आणलीत, तर डेटाबेस पहिल्यांदा उघडताच अपग्रेड होतो आणि जुनी आवृत्ती तो पुन्हा उघडत नाही. परतीचा रस्ता त्याच क्षणी बंद. लोक हे रात्री दोन वाजता शिकतात.

सॅनवाला
बरोबर, म्हणून आधी स्टोरेजवर लनचा क्लोन काढायचा आणि तो व्हीएमना द्यायचा. मूळ लनला हात लावायचा नाही. क्लस्टर तरीही हवाच.

रोजचीशिफ्ट
ऑलवेज ऑन ग्रुप (एसक्यूएल स्वतःच डेटाबेसची प्रत दुसऱ्या नोडवर ठेवतं) का नको? एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून आहे, प्रत्येक नोडची डिस्क वेगळी. स्टोरेज दुप्पट लागतं, आणि स्टँडर्ड एडिशनमध्ये एका ग्रुपला एकच डेटाबेस.

सॅनवाला
वीस डेटाबेस असले की वीस ग्रुप. लॉगिन आणि जॉब दोन्हीकडे जुळवत कोण बसणार?

जागतापहारा
तरी मी ऑलवेज ऑनचं ते काम पत्करेन. व्हीएमचा बॅकअप होत नाही, असा सेटअप मी हातात घेणार नाही.