घरी तयार केलेली मूळवर्धके पाण्यावरील शेतीच्या टाकीत घालावीत का?

पांढरी मुळी (पुणे) – मूळ लेखन

गेली तीन वर्षे मी गच्चीवर पाण्यावरील शेती (हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय अन्नद्रव्यांच्या पाण्यात पीक घेणे) करते आणि चार पाइप आणि शंभर लिटरची एक टाकी एवढ्या मांडणीत पालक, लेट्यूस आणि तुळस घेते आहे. मुख्य अन्नद्रव्यांसाठी मी कृषी सेवा केंद्रातील विद्राव्य खते वजन करून वापरते. शंभर लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट 63 ग्रॅम, 0:52:34 (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी) हे खत 18 ग्रॅम, 13:0:45 हे 30 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 30 ग्रॅम आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेली राहतील अशा रूपातली) सूक्ष्म अन्नद्रव्ये असे माझे पालेभाजीचे प्रमाण आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट-सल्फेटची खते यांचे दाट द्रावण एकत्र केले की पांढरा साका बसतो, म्हणून दोन डबे वेगळे ठेवते. याविषयी बहुधा कोणाचा वाद नसावा.

वाद आहे तो त्यानंतर घालायच्या गोष्टींबद्दल. मुळांच्या वाढीसाठी म्हणून ज्या लहान बाटल्या विकल्या जातात त्यांच्या लेबलावर बहुतेक वेळा पोटॅशियम ह्युमेट (ह्युमिक आम्लाचा विद्राव्य क्षार), सागरी शेवाळाचा अर्क, पोटॅशियम सिलिकेट किंवा बॅसिलस गटातील जिवाणू यांपैकी काहीतरी असते. हे सर्व सुटे मिळते आणि घरी मिसळता येते. त्याशिवाय मी दर आठवड्याला कापडाने गाळलेले व्हर्मीवॉश (गांडूळखतातून झिरपवून घेतलेले पाणी) दोनशे मिलिलिटर, एअर पंपाने चोवीस तास हवा देऊन आणि एक चमचा गूळ घालून, टाकीत ओतते. हिवाळ्यात मुळे इतकी पांढरी आणि केसाळ दिसतात की पाहुण्यांना पाइपचे झाकण उघडून दाखवावेसे वाटते. माझे म्हणणे असे की आपली टाकी आपण समजून घ्यायची असेल तर तिच्यात पडणारी प्रत्येक गोष्ट आपल्या हाताने मिसळलेली असावी. यावर विरुद्ध मते असल्यास कारणांसहित मांडावीत.

क्षारमापक (नाशिक)

आपल्या खतांच्या प्रमाणाशी मी सहमत आहे. आपण दिलेल्या आकड्यांवरून नत्र साधारण 137, पालाश मूलद्रव्याच्या (पोटॅशियमच्या) रूपात 163, कॅल्शियम 120 आणि मॅग्नेशियम 29 भाग प्रति दशलक्ष येते, आणि पालेभाजीला ते योग्य आहे. माझा विरोध त्या एका चमचा गुळाला आहे आणि तो भावनेतून नसून हिशेबातून आलेला आहे.

समुद्रसपाटीला 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो आणि 30 अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. पुण्याच्या उंचीवर त्याहूनही थोडा कमी. एक ग्रॅम साखर जिवाणूंनी पूर्ण जाळायची म्हटली तर सुमारे 1.12 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपण पाच ग्रॅम गूळ शंभर लिटरमध्ये घातला म्हणजे लिटरमागे 50 मिलिग्रॅम साखर झाली आणि तिची मागणी 56 मिलिग्रॅम ऑक्सिजनची, म्हणजे टाकीत एका वेळी जेवढा ऑक्सिजन असतो त्याच्या सातपट. हवा पंपाने सतत मिळत असते आणि साखरेचा बराच भाग जळण्याऐवजी जिवाणूंच्या शरीरात जातो, त्यामुळे टाकी लगेच गुदमरत नाही हे मला मान्य आहे. आपण आधी चोवीस तास हवा देता, त्यात काही साखर बाहेरच संपते, हेही मान्य. पण मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि पंप तीन तास बंद पडला, तर हाच चमचा मुळांच्या वाट्याचा श्वास खाऊन टाकतो. कमी ऑक्सिजन आणि कोमट पाणी ही जोडी पिथियमला, म्हणजे मूळकुजीच्या बुरशीसारख्या जीवाला, सर्वांत जास्त मानवते. हिवाळ्यात आपली मुळे पांढरी दिसली याचे श्रेय मी व्हर्मीवॉशपेक्षा थंड पाण्याला देईन.

काळी माती (अमरावती)

क्षारमापक यांच्या आकडेवारीबद्दल आदर ठेवून मी वेगळी बाजू मांडतो. मी आठ वर्षे जीवामृतावर शेती करतो आणि मुळांभोवती जिवाणू नसलेले पाणी ही माझ्या दृष्टीने आजारी व्यवस्था आहे. निर्जंतुक टाकीत एक रोगजंतू शिरला की त्याला अडवणारे कोणीच नसते. भरलेल्या घरात मात्र चोराला जागा मिळत नाही. नैसर्गिक शेतीचे प्रवर्तक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीतील जीवामृताचे प्रमाण सर्वांना ठाऊक आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे मिश्रण लाखो एकरांवर वापरले जात असेल तर त्याचे पातळ, गाळलेले रूप पाण्यावरील शेतीत अगदीच निषिद्ध का असावे, हे मला कोणी समजावून द्यावे.

शिवाय सेंद्रिय पदार्थ पाण्यावरील शेतीत चालतच नाहीत हे विधान चुकीचे आहे. जपानमधील संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या कामात माशांपासून केलेले द्रवखत आणि झाडाच्या सालीचे कंपोस्ट हवा दिलेल्या पाण्यात एकत्र ठेवून सेंद्रिय नत्राचे नायट्रेट करून दाखवले आहे आणि त्यावर पिकेही घेतली आहेत. अमेरिकेत सेंद्रिय प्रमाणपत्राच्या बाबतीत राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने 2017 मध्ये पाण्यावरील शेतीवर बंदी न घालण्याचा कौल दिला. तेव्हा ‘क्षार म्हणजे विज्ञान आणि शेण म्हणजे अंधश्रद्धा’ अशी विभागणी मला मान्य नाही.

ऊसपट्टा (सांगली)

काळी माती यांच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या नुकसानीतून देऊ शकतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी पाचशे लिटरच्या टाकीत दहा लिटर जीवामृत तिहेरी कापडाने गाळून घातले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याला कुजक्या अंड्याचा वास आला, तिसऱ्या दिवशी मुळे चहाच्या रंगाची झाली आणि बोटांत धरून ओढल्यावर वरचे आवरण सुटून आतला दोरा हातात राहू लागला. तीनशेच्या आसपास लेट्यूसची रोपे मला उपटून टाकावी लागली. त्यानंतर सर्व पाइप, ड्रिपर आणि पंप उघडून घासण्यात आठवडा गेला, कारण बेसनाचा बुळबुळीत थर आतून सगळीकडे बसला होता.

चूक माझीच होती आणि ती कोठे झाली हे मी नंतर कागदावर मांडून पाहिले. दोनशे लिटर जीवामृत एका एकराला देतात, म्हणजे एका चौरस मीटर जमिनीला जेमतेम 50 मिलिलिटर आणि त्यात मूळ मिश्रणाचा अर्धा ग्रॅम गूळ. त्या जमिनीत हवेच्या पोकळ्या असतात आणि मातीचे कोट्यवधी कण जिवाणूंना बसायला जागा देतात. मी मात्र मुळे ज्या पाण्यात चोवीस तास बुडलेली असतात त्या पाण्यात लिटरमागे दोनशे मिलिग्रॅम गूळ आणि तेवढेच बेसन ओतले. गुळाचा काही भाग आंबताना संपला असेल असे धरले तरी, वर क्षारमापक यांनी मांडलेला हिशेब लावला, तर ही मागणी पाण्यातील ऑक्सिजनच्या कितीतरी पट होते. जे औषध जमिनीला थेंबाने दिले जाते ते मी झाडाला आंघोळीसारखे घातले. जीवामृत वाईट आहे असे मी म्हणत नाही. माझ्या उसाला मी आजही ते देतो.

पेट्री डिश (मुंबई)

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि या चर्चेत एक बाजू अजून कोणी मांडलेली नाही म्हणून लिहिते. आपण सर्वजण मुळांच्या आरोग्याविषयी बोलत आहोत, खाणाऱ्याच्या नव्हे. लेट्यूस आणि तुळस कच्ची खाल्ली जाते. शेणात ई. कोलाय आणि साल्मोनेला असू शकतात. जमिनीत ऊन, कोरडेपणा आणि स्पर्धा यांमुळे त्यांची संख्या दिवसागणिक घटते, पण साखर घातलेल्या कोमट द्रावणात त्यांना वाढायला उलट मदतच होते. याच कारणाने कंपोस्टच्या अर्कात मळी किंवा गुळासारखे पदार्थ घालण्याबाबत सेंद्रिय शेतीच्या क्षेत्रातच सावधगिरीचे नियम झाले आहेत. पाइपमध्ये तेच पाणी फिरत राहते, त्यामुळे एका ठिकाणी शिरलेला जंतू सर्व झाडांपर्यंत पोहोचतो, आणि पाने काढताना पाणी पानांवर उडतेच. कापडाने गाळल्याने काडीकचरा अडतो, जिवाणू अडत नाहीत. चोवीस तास हवा दिल्याने दुर्गंधी टळते, रोगजंतू मरतातच असे नाही.

काळी माती यांचा भरलेल्या घराचा दृष्टान्त मला आवडला आणि त्यात तथ्यही आहे. बॅसिलस जिवाणू आणि ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मूळकुजीविरुद्ध उपयोगी पडतात ते याच तत्त्वावर. परंतु घरात कोणाला राहायला घ्यायचे ते आपण निवडलेले असावे. ज्याच्या पाकिटावर जिवाणूचे नाव, संख्या आणि वापरण्याची मुदत लिहिलेली आहे ते संवर्धन आणि मूठभर माती या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत. आणखी एक कळकळीची विनंती अशी की टाकीत जिवाणू सोडणारे लोकच पुढे ‘मुळे स्वच्छ करण्यासाठी’ हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ब्लिचिंगचे पाणी टाकतात. ते आपण सोडलेल्या उपकारक जिवाणूंनाही मारते, आणि ब्लिचिंगच्या पाण्यात सामू (pH, आम्ल-विम्लतेचे माप) उतरवायचे आम्ल पडले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद शेडनेटमध्ये हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

पांढरी मुळी (पुणे)

गुळाविषयीचा हिशेब मी काल रात्री स्वतः करून पाहिला आणि तो मला मान्य करावा लागतो. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांचा मुद्दाही मी पुरेशा गांभीर्याने घेतला नव्हता. माझ्या घरात पाच वर्षांचे मूल तीच तुळस तोडून खाते. त्यामुळे गूळ आणि व्हर्मीवॉश मी टाकीतून काढत आहे, ते आता कुंड्यांना जाईल.

मात्र एवढ्यावरून ‘घरी काहीच मिसळू नका’ असा निष्कर्ष निघत असेल तर माझा त्याला ठाम विरोध आहे. पोटॅशियम सिलिकेटचे उदाहरण घ्या. काकडीवर भुरी (पानांवरचा पांढरा बुरशीरोग) येण्याचे प्रमाण सिलिकॉनने कमी होते हे चांगले प्रस्थापित आहे आणि हे द्रव्य घरी मोजून वापरण्यात अवघड असे काहीही नाही. यात साखर नाही, जिवाणू नाहीत, कुजण्यासारखे काही नाही. लोकांना हे शिकवण्याऐवजी आपण त्यांना रंगीत बाटलीकडे ढकलत असू तर ते योग्य नव्हे.

क्षारमापक (नाशिक)

सिलिकेटवर मी आपल्या बाजूने आहे, पण ते बिनचूक करणे वाटते तितके सोपे नाही म्हणून चार वाक्ये जास्त लिहितो. त्याच्या दाट द्रावणाचा सामू 11 च्या आसपास असतो. ते खते घातलेल्या टाकीत सरळ ओतले तर ज्या ठिकाणी धार पडते तेथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा साका होतो आणि सूक्ष्म अन्नद्रव्येही अडकतात. म्हणून आधी साध्या पाण्यात सिलिकेट पूर्ण पातळ करावे, फॉस्फरिक आम्लाने सामू उतरवावा आणि मगच क्रमाने खते घालून शेवटी 5.5 ते 6.5 च्या दरम्यान आणावे. लिंबू किंवा व्हिनेगरने उतरवलेला सामू टिकत नाही, कारण ही सेंद्रिय आम्ले जिवाणूंचे खाद्य आहेत. म्हणजे गूळ दारातून घालवला आणि खिडकीतून घेतला असे होते. सिलिकॉनचे प्रमाणही वाढवत नेऊ नये. लिटरमागे साधारण 56 मिलिग्रॅम सिलिकॉनच्या पुढे ते विरघळलेल्या रूपात राहत नाही, हळूहळू त्याची जेली होते आणि ड्रिपरमध्ये बसते. आणि काकडीला जे लागू ते टोमॅटोला लागू नाही, टोमॅटो सिलिकॉन फारसे वर चढवतच नाही. आपल्या पालक-लेट्यूसवर त्याचा किती उपयोग होईल याबद्दल मी साशंक आहे.

ह्युमेटचेही तसेच. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम भरपूर असते आणि त्याच्यासह ह्युमेटच्या काळ्या गुठळ्या होऊन तळाशी बसतात. माती-पाणी परीक्षणात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट किती आले ते पाहिल्याशिवाय घरगुती मिश्रणाचे कोणतेही प्रमाण दुसऱ्याकडून उचलू नये. त्यात आपले कॅल्शियम नायट्रेटचे 63 ग्रॅमही आले. ज्याच्या पाण्यातच 80 भाग कॅल्शियम आहे त्याला ते जास्त होईल.

काळी माती (अमरावती)

ऊसपट्टा यांचा एकराचा हिशेब वाचून मी थांबलो, हे प्रामाणिकपणे सांगतो. जीवामृत थेट टाकीत घालण्याचा आग्रह मी सोडतो. परंतु जपानी पद्धतीने नायट्रेट करण्याचे काम टाकीबाहेर, वेगळ्या पिंपात करता येते, यावर मी ठाम आहे. शेंगदाणा पेंडीचे पाणी, थोडे जुने कंपोस्ट आणि सतत हवा असे पिंप मी या पावसाळ्यात लावणार आहे, आणि त्याचे पाणी कच्च्या पालेभाजीला न देता वांगी आणि मिरचीच्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्यांना देणार आहे.

पेट्री डिश (मुंबई)

पिंप अवश्य लावा, फक्त अमोनियम संपले म्हणून घाई करू नका. अमोनियमचे नायट्रेट होताना मध्ये नायट्राइटचा टप्पा येतो आणि तो मुळांना अपायकारक असतो. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासण्याच्या पट्ट्या मिळतात. पहिल्या दोन पट्ट्या सलग काही दिवस शून्य दाखवू लागल्या आणि तिसरीचा रंग गडद राहिला, तरच ते पाणी बाहेर काढा. सामूही रोज पाहा, कारण एक ग्रॅम अमोनियम नत्राचे नायट्रेट होताना सुमारे 7 ग्रॅम चुनखडीइतकी विम्लता (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) खर्च होते आणि पिंप आंबट होऊन काम मध्येच थांबते. शिंपल्यांचा चुरा पोटलीत बांधून सोडला तर ती भरून निघते.