शब्दचर्चा : छापील उत्तराच्या कडेला येणाऱ्या [१] ला काय म्हणावे?

पानकिडा : पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'आर' या संख्याशास्त्रासाठीच्या संगणकीय भाषेची एक पुस्तिका मराठीत करत आहे. १ ते ३० या संख्या छापायला सांगितल्या, तर नेहमीच्या रुंदीच्या पडद्यावर पहिल्या ओळीच्या आरंभी [१] आणि दुसऱ्या ओळीच्या आरंभी [२६] असे उमटते (पडद्यावर अर्थातच इंग्रजी आकडे). मी 'लेबल' लिहिले होते, तपासनिसांनी ते खोडून 'नामपट्टी' केले आहे. परंतु [२६] हे कोणाचेच नाव नाही. या ओळीतला पहिला घटक यादीत सव्विसावा आहे, एवढेच ते सांगते. मग नेमका शब्द कोणता?

मीमांसक : 'निर्देशांक' हा तयार शब्द असताना नामपट्टीही नको आणि लेबल तर नकोच. जो अंक घटकाचा निर्देश करतो, तो निर्देशांक.

शून्यावरचा : व्युत्पत्ती बिनचूक आहे, पण अडचण वाचकाची आहे. बारावीच्या अर्थशास्त्रात 'निर्देशांक' या नावाचे स्वतंत्र प्रकरण असते, त्यात किमतींची तुलना असते, आणि शेअर बाजाराचा निर्देशांक तर रोज बातम्यांत ऐकू येतो. संख्याशास्त्राच्याच पुस्तिकेत हा शब्द दोन अर्थांनी आला, तर विद्यार्थी कोणता अर्थ धरेल?

जुनीवही : वाणिज्य शाखेत आम्ही रोजकीर्द लिहीत असू, तेव्हा तपशील आणि रक्कम यांच्यामध्ये 'खा. पा.' असा एक अरुंद रकाना आखावा लागे. खाते पान, म्हणजे ही नोंद खतावणीत कोणत्या पानावर नेली आहे, त्याचा आकडा. त्या आकड्याला कोणी नाव म्हटले नाही आणि हिशेबातही धरले नाही. तो केवळ ठिकाण सांगत असे. [२६] चे काम मला तसेच दिसते, म्हणून 'स्थानांक' सुचवतो. (वहीत 'नावे' या शब्दाचा अर्थ निराळाच, म्हणजे डेबिट, असल्यामुळे 'नामपट्टी' वाचून मी आधी बिचकलोच.)

ओळंबा : स्थानांक चांगला आहे, मात्र या खुणा एकाच जातीच्या नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. खिडकी अरुंद केली आणि तीच यादी पुन्हा छापली, तर दुसऱ्या ओळीवर [२६] ऐवजी दुसराच आकडा येतो, यादी मात्र जशीच्या तशी राहते. म्हणजे ही खूण छपाईची आहे, यादीची नाही. त्याच यादीतल्या घटकांना आपण 'पुणे', 'सातारा' अशी नावे दिली, तर कंसातले आकडे नाहीसे होतात आणि प्रत्येक मूल्याच्या डोक्यावर त्याचे नाव छापले जाते; ही नावे यादीबरोबर साठवलेली असतात आणि त्यांनी हाक मारून घटक काढताही येतो. पहिलीला स्थानांक म्हणा, दुसरीला सरळ नाव म्हणा.

खरा घोळ तक्त्यात होतो. दहा ओळींच्या तक्त्यातून अटीत बसणाऱ्या तीनच ओळी निवडल्या, तरी त्यांच्या डावीकडे ३, ७, ८ असे मूळचेच आकडे राहतात, कारण ती ओळींची नावे असतात. विद्यार्थी 'सातवी ओळ' असे लिहितो आणि आज्ञा देताना ७ घालतो, तर नव्या तक्त्यात ती ओळ दुसरी असते. दिसायला क्रमांक, असायला नाव! याला स्थानांक म्हटले तर आपणच विद्यार्थ्याला खड्ड्यात घालू.

मीमांसक : 'दिनांक' आणि 'महापौर' या शब्दांनाही आरंभी लोक हसले असतील, आज ते कोणाला खटकत नाहीत. 'लेबल' या शब्दात आळसाखेरीज काहीही नाही.

शून्यावरचा : औषधाच्या बाटलीवरचे लेबल वाचा, असे सांगणाऱ्या आजीला आपण आळशी म्हणणार का? शब्द रुळला की तो आपला. शिवाय 'मॅक्झिमा' या गणिताच्या संगणक-प्रणालीत प्रत्येक आज्ञेला आणि उत्तराला जी क्रमवार खूण मिळते, तिला तिच्या माहितीपुस्तिकेतच लेबल म्हटले आहे आणि ती लिहून जुने उत्तर परत मागवता येते. म्हणजे ओळंबा यांच्या दोन जातींत ही तिसरी.

जुनीवही : मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह या गणिताच्या संगणक-प्रणालींत उत्तराला नाव न देता गणित केले की उत्तराआधी 'ॲन्स' छापले जाते. आमच्याकडे एकाने त्याचे भाषांतर 'उत्तर' असे केले होते. ते चालेल का?

ओळंबा : चालणार नाही, कारण 'ॲन्स' हा खराखुरा चल (मूल्य साठवून ठेवणारे नाव) आहे, पुढच्या ओळीत तो वापरता येतो आणि नवे अनामिक गणित केले की त्यातले मूल्य बदलते. भाषांतरित नाव टंकले तर संगणक ते ओळखणार नाही. नाव न छापता केवळ मूल्य हवे असेल, तर त्यासाठी 'डिस्प' ही वेगळी आज्ञा आहे.

मीमांसक : म्हणजे चलाचे नाव तसेच ठेवावे आणि स्पष्टीकरण मराठीत द्यावे. एवढ्यापुरते मला मान्य आहे. 'लेबल' मान्य नाही.

पानकिडा : माझ्यापुढे अजून एक पेच आहे. 'आर'मध्ये संख्यांची रिकामी यादी छापली तर [१] येतच नाही, कारण पहिला घटकच नसतो. त्या जागी यादीचा प्रकार आणि कंसात शून्य छापले जाते. ते स्थानही नाही आणि नावही नाही. पुस्तिकेत याला काय म्हणू?