वॅगनआरचा क्लच घरीच बदलायचाय, सल्ला द्या

राजेंद्रनगरकर, इंदूर:
मंडळी, जुनी वॅगनआर आहे, केबलवाला क्लच. परवा भेरू घाटात रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी उचलतच नाही आणि वर जळका वास. ऑइल, ब्रेक पॅड घरीच करतो, हे पण भाऊ आणि मी मिळून पोर्चमध्ये करावं म्हणतोय. सेट कोणता घेऊ? नुसती प्लेट बदलली तर चालेल?

जुना गॅरेजवाला:
दादा, आधी केबल बघा. पेडलला फ्री प्लेच (क्लच धरायच्या आधीची मोकळी हालचाल) नसेल तर चांगली प्लेटसुद्धा घसरते. प्ले ठीक असेल तर मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून चौथा टाका, थोडी रेस देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट ठीक, चालूच राहिलं तर गेली. एकदाच करा हे.

पानावाला:
नुसती प्लेट नको हो! गिअरबॉक्स उतरवायची मेहनत तीच, मग प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग पण नवंच टाका. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी, कोणताही घ्या, फक्त ओरिजिनल. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली अजिबात शिरू नका, चांगल्या घोड्या (जॅक स्टँड) लावा आणि माउंट खोलायच्या आधी इंजिनला टेकू द्या. प्लेट मधोमध बसवायला अलाइनमेंट टूल लागतं, हत्यारं सियागंजात बघा. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार शाफ्टवरून प्लेटवर लटकू देऊ नका, प्लेटचा मधला भाग, म्हणजे हब, वाकतो आणि मग क्लच नीट सुटत नाही, गिअर अडतात. बसत नसेल तर बोल्ट आवळून ओढायचा नाही, थोडं फिरवून परत सरकवा, सरळ आला की आपसूक आत जातो.

लोकमान्यनगर:
आतली काळी धूळ हवा मारून उडवू नका, मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा. ड्राइव्ह शाफ्ट काढायच्या आधी गिअर ऑइल काढून घ्या, सील पण नवीनच टाका, स्वस्तात मिळतात.

राजेंद्रनगरकर:
केबलचा नट पार शेवटाला आलाय, आणखी सैल होत नाही आणि चौथ्यात इंजिन काही बंद पडलं नाही, म्हणजे प्लेट गेलीच. फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची चकती) निळे डाग निघाले तर काय करू?

पानावाला:
हलके असतील तर एमरी पेपर मारून ब्रेक क्लीनरनं पुसा. नख अडकेल असे चरे किंवा तडे दिसले तर टर्नरला दाखवा. आणि तिथेच क्रँकचं मागचं सील ओलं आहे का ते नक्की बघा, तेल झिरपत असेल तर नवी प्लेट पण घसरणार.