लॉक आयफोन: पैसे देण्याआधी भावाला विचारा
अमेरिकेतल्या भावाने दिलेला, एटी अँड टी या मोबाइल कंपनीला लॉक असलेला (म्हणजे फक्त तिचंच सिम चालणारा) आयफोन अनलॉक करायला दुकानदार पैसे मागतोय, असं तुम्ही लिहिलंत. कृपया थांबा, देऊ नका. आयफोनचं लॉक आयएमईआयनुसार, म्हणजे प्रत्येक फोनच्या वेगळ्या ओळख क्रमांकानुसार, ॲपलच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं आणि एटी अँड टीने कळवलं तरच ते अधिकृतपणे निघतं. हप्ते फिटले असतील, फोन चोरीचा नसेल, तर कंपनी हे काम फुकट करते. अर्ज ऑनलाइन होतो. भावाला आधी हप्त्यांचंच विचारा, बहुतेकदा घोडं तिथेच अडलेलं असतं. दुकानदार सिमखाली पातळ चिप घालून देत असेल तर ते अनलॉक नव्हेच! अपडेट आलं की नेटवर्क जाऊ शकतं. सेटिंग्जमध्ये ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं, तरच काम झालं समजा.