शब्दचर्चा: खवला की शल्क? आणि ‘प्रजाती’ नेमकी कोणती?

वरोऱ्याकडचा: आमच्याकडच्या डोंगरगावच्या लमेटा थरातल्या (म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या खडकातल्या) माशांच्या जीवाश्मांवर शाळेच्या भित्तिपत्रकासाठी चार ओळी लिहितोय. ‘खवल्यावरून माशाची प्रजाती ओळखली’ असं लिहिलं, तर एक सर म्हणाले, शल्क लिहा. काय ठेवू जी?

ढीवरपुरा: खवलाच ठेवा भाऊ. शल्क म्हटलं तर आमच्याकडं कोणाले समजनार नाही. पन रोहूचा खवला पातळ असते, वाकते, एकावर एक चढते. तुमचा तसा हाय का?

वरोऱ्याकडचा: नाही ना. जाड, शंकरपाळ्यासारखा तिरपा चौकोनी, वरून चकचकीत.

निवृत्त मास्तर: मग तो गॅनॉइड खवला. वर गॅनॉइनचा चकाकता थर, खाली हाड. शेजारच्या खवल्यात अडकायला एका कडेला खुंटी, दुसरीकडे खोबण. हे सुतारकामातले शब्दच वापरा, ‘संधियोजन’ वगैरे नको. असा खवला ‘गार’ नावाच्या माशाचा, म्हणजे लेपिसोस्टियसच्या कुळातला. ते कूळ आज अमेरिकेकडं जिवंत आहे. मणका हाती आला तर जास्त चांगलं: बहुतेक माशांचा मणका दोन्ही बाजूंनी खोलगट, गारचा पुढून फुगीर नि मागून खोलगट.

घोळ खरा ‘प्रजाती’त आहे. मराठी विश्वकोशाच्या रीतीनं लेपिसोस्टियस ही प्रजाती, म्हणजे वंश. आणि इंडिकस ही त्यातली जाती. वर्तमानपत्रं इंडिकसलाच प्रजाती म्हणतात. तुमच्या वाक्यात दुसरा अर्थ वाचला जाईल, आणि तो सुट्या खवल्याला झेपणारा नाही. ‘गारच्या कुळातल्या माशाचा खवला’ एवढंच लिहा.

वरोऱ्याकडचा: इंडिकस हे नाव वूडवर्ड या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञानं १९०८ साली डोंगरगावच्याच अवशेषांना दिलं ना? त्याच अवशेषांत पिक्नोडस लॅमेटी हा दुसरा मासा पण आहे. त्याचे गोल, बोथट दात. शंखशिंपले फोडायचे. त्याले दाढा म्हणावं का?

ढीवरपुरा: फोडाचं काम करते तं दाढच हाय बावा!

निवृत्त मास्तर: चालेल. फक्त त्या टाळूवरही ओळीनं बसलेल्या असतात हे लिहा, नाहीतर पोरं आपल्या जबड्यातल्या दाढा डोळ्यांपुढं आणतील.